ठोक्याला ठोका

मिनिटाला १२० ठोके पडणारं एक गाणं आणि १२१ ठोके पडणारं दुसरं, अशी दोन गाणी एकाच क्षणी, पहिल्या ठोक्याला पहिला ठोका जुळवून सुरू केली, तर दोन-चार सेकंद कुणाच्या काही लक्षात येत नाही. सहाव्या सेकंदाला मात्र दोन्हींत एक विसांश सेकंदाचं अंतर पडलेलं असतं आणि ‘धड’च्या जागी ‘ध-धड’ असा तोतरा आवाज येऊ लागतो. अर्ध्या मिनिटाला एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडतो. मिनिट संपता संपता दोन्ही गाणी पुन्हा जुळल्यासारखी वाटतात, पण तोवर एक गाणं एका पूर्ण ठोक्याने पुढे निघून गेलेलं असतं.

एका ठोक्याच्या फरकाचा हा परिणाम. मग शंभराच्या आसपासच्या कोळीगीतावरून मिनिटाला १३० ठोक्यांच्या रिमिक्सवर जायचं, आणि तेही समोर हजारो माणसं नाचत असताना, एकाचाही पाय अडखळू न देता, हे काम किती नाजूक असेल? परळच्या कारखान्यांतून गणपती बाहेर पडतात त्या आगमनाच्या दिवसांत, लालबाग-चिंचपोकळीच्या रस्त्यांवर हे काम तासन्‌तास चालू असतं. नाचणाऱ्याला ते दिसत नाही. आपण मघापेक्षा जोरात नाचतोय एवढंच त्याला जाणवतं, आणि लय बदलणाऱ्याचं यश त्यातच असतं.

मिनिटाला किती ठोके पडतात, हे लयीचं माप तसं जुनं. योहान मेल्त्सेल याने १८१५ मध्ये पॅरिसला मेट्रोनोमचं पेटंट घेतलं, तेव्हापासून युरोपातल्या संगीतकारांना लय आकड्यात लिहिता येऊ लागली. डीजेच्या भाषेत हेच ‘बीपीएम’. हिपहॉप साधारण ८५ ते १०० बीपीएमवर चालतं, हाउस संगीत १२० ते १३०च्या पट्ट्यात असतं, ‘ड्रम अँड बेस’ १७०च्या आगेमागे धावतं. परदेशातला डीजे बहुधा रात्रभर एकाच पट्ट्यात राहतो. हाउस वाजवणारा १२२ वरून १२८ वर पोहोचायला दोन तास घेऊ शकतो. लालबाग-परळच्या गिरणगावातल्या डीजेला ही चैन नाही. त्याच्या समोरच्या गर्दीला कोळीगीत हवं असतं, ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ हवं असतं, लेझीमचा ठेका तर हवाच असतो, मध्येच एखादी लावणी लागते, आणि देवाचं गाणं तर टाळताच येत नाही. या सगळ्यांच्या लयी वेगळ्या, आणि काहींच्या मात्रांचा हिशेबही वेगळा.

पण लय चढवत नेण्याची कला मुंबईत डीजेने आणलेली नाही. गिरगावात ऑपेरा हाउसजवळच्या लक्ष्मीबाग सभागृहात ख्यालाच्या मैफली व्हायच्या, तिथे श्रोत्यांना हे रोजचंच होतं. बडा ख्याल विलंबित लयीत सुरू व्हायचा. एकतालाचं एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभरही लागायचं. मग लय इतक्या हळूहळू पुढे सरकायची की ती नेमकी केव्हा वाढली हे सांगता येऊ नये. छोटा ख्याल सुरू होईस्तोवर ऐकणाऱ्याच्या मनाची तयारी झालेली असे. तबलजी आणि गायक यांच्यात एक शब्दही न बोलता हा व्यवहार चालायचा.

परळकडे आलं की हीच गोष्ट वेगळ्या वेषात भेटते. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी माणसाने आपली भजनं बरोबर आणली. डबल बारीच्या भजनात दोन बुवा समोरासमोर बसतात. पेटी, पखवाज, चकवा आणि झांजांच्या साथीने रूपाचा अभंग संथपणे सुरू होतो, आणि गजरात पोहोचेपर्यंत पखवाजाच्या लयीने कोरस देणारे अर्धे उठून बसलेले असतात. १९२२ सालापासून परळच्या दामोदर नाट्यगृहाने नमन आणि शक्ती-तुऱ्याचे असंख्य प्रयोग पाहिले. शक्ती-तुऱ्याच्या जाखडी नाचातही पायांची लय कधी चढवायची हे ढोलकीवाला ठरवतो. नाचणारे गोल फिरत असतात, त्यांची दमछाक त्याला समोर दिसते, म्हणून तो एका कडव्यानंतर लय जरा खाली आणतो आणि पुढच्या कडव्याला पुन्हा वर नेतो.

मग आली बेंजो पार्टी. लालबाग, परळ, वरळी, गिरगाव या भागांतल्या मिरवणुकांचा हा हक्काचा वाद्यवृंद. यातला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं तारवाद्य, बुलबुलतरंगाचा भाऊ. त्याचं मूळ जपानी ‘ताइशोगोतो’त आहे. नागोयाच्या गोरो मोरिताने ते १९१२ मध्ये बनवलं. बेंजोला विजेचा पिकअप जोडला, बाजूला कच्छी ढोल, ताशे, पुढे कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले, आणि चार चाकांच्या हातगाडीवर हा सगळा सरंजाम रस्त्याला लागला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच मंडळींवर काढला.

बेंजो पार्टीला गाणं बदलताना थांबायची सोय नाही. थांबलं की नाचणारे पांगतात. म्हणून एका गाण्याचं धृपद संपत आलं की बेंजोवाला मान वळवून ताशाकडे पाहतो, ताशावाला तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतो, आणि त्या समेलाच नवं गाणं नव्या लयीत उभं राहतं. तिहाईची खुबी अशी, की तिसऱ्या फेरीचा शेवट कुठे येणार हे नाचणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. त्या ठिकाणी तो पाय आपटायला तयार असतो. पाय आपटून झाल्यावर पुढची लय दहा ठोक्यांनी वाढलेली असली तरी त्याला धक्का बसत नाही, कारण जुनं वाक्य त्याच्यापुरतं पूर्ण झालेलं असतं.

आजचा डीजे ‘लूप’ घेऊन हेच साधतो. चार ठोक्यांचा तुकडा फिरवत ठेवायचा, मग तो दोन ठोक्यांचा करायचा, मग एकाचा, मग अर्ध्याचा. वेग वाढल्याचा भास होतो, लोक हात वर करतात, क्षणभर सगळं गप्प होतं आणि पुढच्या ठोक्याला नवं गाणं कोसळतं. तिहाई माहीत असलेल्या माणसाला यात अनोळखी काही वाटू नये.

दोन गाणी ठोक्याला ठोका लावून एकमेकांत मिसळण्याचं श्रेय बहुधा न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस ग्रासोला दिलं जातं. १९७०च्या आसपास ‘सँक्चुअरी’ नावाच्या, पूर्वी चर्च असलेल्या क्लबात तो रेकॉर्ड वाजवायचा. त्या काळी गाण्यांच्या लयी जुळवायच्या तर रेकॉर्ड बोटाने धरायची, ढकलायची, कानाने अंदाज घ्यायचा. जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘टेक्निक्स’ या नावाने एसएल-१२०० ही तबकडी १९७२ मध्ये आणली, आणि १९७९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. या दुसऱ्या आवृत्तीत उजव्या हाताला सरळ रेषेत वरखाली सरकणारी एक पट्टी होती. ती सरकवली की वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता यायचा. जगभरच्या डीजेंचा हात या पट्टीवर बसला तो आजतागायत. पुढे आलेल्या सीडीच्या, पेन ड्राइव्हच्या आणि लॅपटॉपला जोडायच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर ती पट्टी आहे, आणि डीजे तिला अजूनही ‘पिच’ म्हणतात.

हे नाव तिला पडण्याला कारण आहे. तबकडी जोरात फिरवली की लय वाढते, पण तिच्याबरोबर स्वरही चढतो. ६ टक्के वेग वाढवला की गाणं जवळजवळ बरोबर एका अर्ध्या स्वराने वर जातं. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये येतं. ८ टक्क्यांना ते दोन स्वरांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतं, आणि शेजारी वाजणाऱ्या दुसऱ्या गाण्याशी बेसूर होतं. शिवाय गायकाचा आवाज पातळ होत जातो. आनंद शिंदे यांच्यासारखा भरदार आवाज चिमटीत धरल्यासारखा ऐकू येऊ लागला तर नाचणारे नाचतील खरे, पण गाण्याचा जीव गेलेला असतो.

यावरचा उपाय टेलिफोनच्या संशोधनातून आला. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये ‘फेज व्होकोडर’ मांडला. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करायचे, त्यांतल्या कंपनांची नोंद घ्यायची आणि ते तुकडे जवळ किंवा लांब ठेवून पुन्हा जोडायचे. यामुळे स्वर तोच ठेवून लय बदलता येते. डीजेच्या यंत्रावर ‘मास्टर टेम्पो’ किंवा ‘की लॉक’ नावाचं बटण असतं, त्यामागे याच जातीची गणितं चालतात. गाणाऱ्याच्या आवाजावर ती छान बसतात. तालवाद्यांवर त्यांची अडचण होते. ताशाची काडी कातड्यावर पडते तो क्षण अगदी छोटा आणि टोकदार असतो. तो तुकड्यांत चिरला जाऊन पसरतो, आणि कडक वाजणारा ताशा ओल्या कातड्याचा वाटू लागतो. गाणं फार हळू केलं तर एका काडीच्या जागी दोन ऐकू येतात. ढोल-ताशाने भरलेला ट्रॅक १५-१६ टक्क्यांनी ताणायची वेळ आली, तर यंत्रावर ती सोय असूनही समजदार डीजे दुसरी वाट शोधतो.

वाटा बऱ्याच आहेत. समजा, चालू गाणं १०० बीपीएमचं आहे आणि ते १०८ पर्यंत न्यायचं आहे. ६४ ठोक्यांत पट्टी सावकाश सरकवली तर प्रत्येक ठोक्यामागे वाढ होते फक्त एक अष्टमांश बीपीएम, आणि सगळा प्रवास साधारण ३७ सेकंदांत होतो. कुणाला पत्ता लागत नाही. १०० वरून १३०वर मात्र असं जाता येत नाही. तिथे मधलं एखादं गाणं पूल म्हणून घालावं लागतं, किंवा ठोकाच नाही अशी जागा शोधावी लागते. गणपतीच्या मिरवणुकीत ही जागा आयती मिळते. गाणं उतरवायचं, माइकवरून ‘गणपती बाप्पा’ म्हणायचं आणि गर्दीने ‘मोरया’ म्हणून ओरडायचं. त्या दोन-तीन आरोळ्यांत आधीची लय लोकांच्या पायांतून निघून जाते. मग पुढचं गाणं कुठल्याही बीपीएमचं असलं तरी चालतं.

काही गाणी स्वतःच पूल असतात. ‘लय भारी’ या २०१४च्या चित्रपटातलं अजय-अतुल यांचं ‘माउली माउली’ घ्या. वारीतल्या गजरासारखी त्याची लय शेवटाकडे चढत जाते. अशा गाण्याला एकच बीपीएम लावायला गेलं तर यंत्र गोंधळतं. डीजेने ते नीट ऐकून ठेवलेलं असेल, तर सुरुवात संथ गाण्याला जोडायची आणि शेवट वेगवान गाण्याला, असा त्याचा दुहेरी उपयोग होतो.

सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर बदल कोळीगीतापाशी येतो. बहुतेक जुनी कोळीगीतं सहा मात्रांत झुलतात. शांता शेळके यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी चाल दिलेलं ‘मी डोलकर’ आठवावं. होडीच्या हेलकाव्यासारखी ती लय. उलट मिरवणुकीतली रिमिक्स गाणी जवळपास सगळी केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या कुळातली. सहाची लय आणि आठची लय एकमेकांवर नुसती ठेवली तर कालवा होतो. इथे ढोलकीवाल्यांची जुनी युक्ती कामाला येते. कोळीगीताचे मोठे ठोके मिनिटाला ९६ धरले, तर प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन बारीक मात्रा आहेत, म्हणजे मिनिटाला २८८. याच बारीक मात्रा तशाच चालू ठेवून तीन-तीनऐवजी दोन-दोनच्या जोड्या केल्या, की मोठे ठोके १४४ होतात. बारीक मात्रांचा वेग तसूभरही बदललेला नसतो, पण नाचणाऱ्याची लय एकदम दीडपट होते. दुसरा मार्ग म्हणजे पायाचा ठोका ९६ वरच ठेवायचा आणि आतल्या तीन मात्रांच्या जागी चार बसवायच्या. पहिल्याने उसळी येते, दुसऱ्याने झोका जाऊन चाल येते. कुठला केव्हा वापरायचा हे यंत्राला विचारून उपयोग नाही. ‘सिंक’चं बटण दोन आकडे जुळवतं, मात्रांची जात त्याला कळत नाही.

जुन्या चित्रपटगीतांचा प्रश्न आणखी वेगळा. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत वादकांचा मोठा ताफा एकत्र बसून गाणं वाजवायचा. लय धरायला तबला-ढोलकी-ड्रमवाली माणसं होती, कानात टिकटिकणारं यंत्र नव्हतं. साहजिकच धृपदाला लय किंचित वाढायची, कडव्याला सैल पडायची. ऐकताना त्यातच गोडी असते. पण अशा गाण्यावर आजचा कंप्यूटर-ठोका चढवला की दोन कडव्यांत दोघांची फारकत होते. रिमिक्स करणारे म्हणून आधी सगळं गाणं ठोक्या-ठोक्याला खुंट्या मारून सरळ करून घेतात. लय सरळ होते आणि वादकांनी दिलेला श्वासही जातो. सत्तरच्या दशकातलं गाणं वाजवायचंच असेल तर ते एकटं, आहे तसं वाजवावं. गर्दी त्या लयीवर आपोआप नाचते.

हे सगळं क्लबच्या चार भिंतींत वेगळं आणि रस्त्यावर वेगळं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १२० बीपीएमला दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो, म्हणजे स्पीकरपासून ८५ मीटरवर नाचणाऱ्याला ठोका पाव सेकंद उशिरा, बरोबर उलट्या जागी ऐकू येतो. गाडीजवळच्यांचे पाय खाली असतात तेव्हा मागच्यांचे वर. गिरगावच्या अरुंद गल्ल्यांत चाळींच्या भिंतींवरून परतणारा आवाज यात भर घालतो. लय वाढली की ठोक्यांमधली जागा कमी होते, आणि मग तेवढाच उशीर जास्त टोचतो. १६० बीपीएमला अर्धा ठोका ६४ मीटरवरच निसटतो.

ढोल-ताशा पथकांनी यावर रचनेतून तोडगा काढला आहे. गुढीपाडव्याला गिरगावात फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते, तिच्यात तो पाहता येतो. ताशे मधोमध, ढोल दोन्ही बाजूंना रांगेत, आणि ढोलवाल्यांची नजर ताशावर किंवा इशारा करणाऱ्याच्या हातावर. प्रकाशाला उशीर होत नाही. लांबच्या ढोलवाल्याने कानावर विसंबून वाजवलं तर तो मागे पडेल, म्हणून त्याने डोळ्याने वाजवायचं. संथ ठाय लयीतून दुप्पट वेगाच्या दुगुनीत जाण्याआधी ताशाचा हात वर जातो, तो हातच सगळ्या पथकाची लय बदलतो.

एवढ्या बारकाईने लय हाताळणारी माणसं या वस्तीत असताना, गर्दी तापवण्यासाठी आवाजाची कळ पिरगाळण्याची सवय लागावी याचं वाईट वाटतं. आवाज ३ डेसिबलने वाढवायला अँप्लिफायरची ताकद दुप्पट लागते, १० डेसिबलने वाढवायला दसपट. जनरेटर, तारा, बेसचे खोके, भाडं, सगळं त्या प्रमाणात वाढतं. लय चार ठोक्यांनी वाढवायला पैसा लागत नाही, आणि तिचा परिणाम शरीरावर थेट होतो. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात २४ जणांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वेगवान संगीताने श्वास, रक्तदाब आणि नाडी वाढली. संगीताची शैली कोणती यापेक्षा लय किती, याला महत्त्व होतं. आणि मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी सुरुवातीपेक्षाही खाली आली.

परळमध्ये आवाजाचा हा प्रश्न फार जवळचा आहे. केईएम, वाडिया आणि टाटा ही तिन्ही रुग्णालयं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. रात्री दहानंतर उघड्यावर वाद्यं बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. सप्टेंबर २०१८ मध्ये, ऐन गणेशोत्सवात, मुंबई उच्च न्यायालयाने मिरवणुकांमधल्या डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. त्या निर्णयावर मंडळांमध्ये नाराजी होती. पण केईएमच्या वॉर्डात पडलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं, तर त्यात गैर काय होतं? आवाजावर मर्यादा असेल तर वाजवणाऱ्याच्या हातात उरते ती लय, आणि ज्याला लय सांभाळता येते त्याचं काही अडत नाही.

लय चढवण्याइतकंच उतरवण्याचंही तंत्र आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. रात्रीची वेळ संपत आली, किंवा पुढे चौकात दुसऱ्या मंडळाची गाडी अडकली, की नाचणाऱ्यांना थंड करावं लागतं. १४० वर उड्या मारणारा जमाव एका झटक्यात बंद केला तर तो चिडतो, ढकलाढकली होते. इथे अर्धी लय उपयोगी पडते. १४० च्या गाण्यावर ७० चं गाणं ठोक्याला ठोका लावून बसतं, कारण मंद गाण्याचा प्रत्येक ठोका वेगवान गाण्याच्या एकाआड एक ठोक्यावर येतो. दोन्ही थोडा वेळ एकत्र ठेवायची, मग वेगवान गाण्याचा बेस काढायचा, मग त्याचे ताशे काढायचे. नाचणारे आपोआप एकाआड एका ठोक्यावर पाय टाकू लागतात, उड्यांचं डोलणं होतं, आणि गाडी पुढे सरकायला जागा मिळते.